पावाच्या खोक्यात मुलं कशी आली

पुढे मोठं खोकं असलेल्या मालवाहू, म्हणजे कार्गो सायकलला डच भाषेत ‘बाकफीत्स’ म्हणतात. बाक म्हणजे खोकं आणि फीत्स म्हणजे सायकल. नाव असं रोखठोक, त्यात लाडीकपणा काही नाही. योगायोग असा की मराठीतला बाक म्हणजे बसायची फळी, आणि आजच्या बाकफीत्समध्ये मुलं बसतात तीही खोक्यातल्या अशाच एका फळीवर. समोर खोक्यात दोन पोरं, त्यांच्या पायाशी किंवा शेजारी पट्ट्यांनी बांधलेलं तान्हं बाळ आणि मागे पेडल मारणारी आई किंवा बाप, हे चित्र आता ओळखीचं झालं आहे. पण ही सायकल मुलांसाठी तयार झालेलीच नव्हती. तिच्यात मुलांच्या सोयीचं जे काही दिसतं ते नंतर चढवलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते आधी आईबापांनी केलं, मग कारखान्यांनी, आणि सगळ्यात शेवटी कायद्याने.

सारख्या आकाराची दोन चाकं आणि साखळी असलेली रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली आली. डनलॉपचा हवा भरलेला टायर १८८८ चा. या दोन गोष्टी जमल्यावर सायकलवर माल लादणं परवडू लागलं. पाववाले, दूधवाले, खाटीक, टपालखातं, सगळ्यांनी ती उचलली. काहींनी पुढे दोन चाकं लावून मधे पेटी बसवली. काहींनी पुढचं चाक मुद्दाम लहान केलं, म्हणजे त्याच्यावर मोठी टोपली मावते. ती चालवायला बहुधा पोरसवदा मुलगा असायचा.

आजच्या दोनचाकी कार्गो सायकलची खरी पूर्वज मात्र डॅनिश. ‘लाँग जॉन’ नावाची ही सायकल १९२० च्या दशकातली. तिच्यात युक्ती एकच होती, पण ती शंभर वर्षं टिकली. पुढचं चाक आणखी पुढे ढकलायचं, हँडल आणि चाक यांच्यामध्ये जी मोकळी जागा तयार होते तिथे अगदी खाली, जमिनीलगत माल ठेवायचा आणि हँडलचं वळण एका लांब दांडीने मालाखालून पुढच्या चाकापर्यंत पोचवायचं. ओझं खाली असल्यामुळे सायकल भरलेली असली तरी तोल सांभाळता येतो. कोपनहेगनमध्ये असल्या सायकली चालवणाऱ्या पोऱ्यांना ‘स्वायर’ म्हणत. १९४२ पासून त्यांच्या शर्यतीही भरू लागल्या, त्यात एक फेरी रिकामी आणि पुढच्या फेऱ्या माल लादून. मग टेम्पो आणि व्हॅन स्वस्त झाल्या, आणि साठीच्या दशकापर्यंत शर्यतीही संपल्या आणि पोरेही.

या सगळ्या काळात मुलं सायकलवर नव्हती असं नाही. ती होतीच, पण साध्या सायकलवर, डबलसीट. पुढच्या दांडीवर छोटं सीट, मागे कॅरिअर, एक पुढे आणि एक मागे. त्यातला मोठा धोका पडण्याचा नव्हे, पायाचा. कॅरिअरवर दोन्हीकडे पाय सोडून बसलेल्या मुलाची टाच फिरत्या आऱ्यांत जाते, आणि चाक थांबेपर्यंत कातडं सोलवटून निघालेलं असतं. डच सायकलींच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कापडी किंवा प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते कोट अडकू नये म्हणून लावलेलं, पण पोरांच्या पायांनाही उपयोगी पडलं. आजही नेदरलँड्सच्या नियमात आठ वर्षांखालच्या मुलासाठी पाठीला, हाताला आणि पायाला आधार असलेलं आसन लागतं. त्यातला पायाचा उल्लेख उगाच आलेला नाही.

१९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. पुढच्या वर्षी, अपघातात मुलगी गेलेल्या एका पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, मुलांची हत्या थांबवा. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. लोकांनी रस्ते अडवले, त्यावर जेवणाची टेबलं मांडली. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळ्या रस्त्यावर मुलं खेळताना सगळ्या देशाने पाहिली. वेगळे सायकलमार्ग, गल्लीत मोटारींना चालीच्या वेगाची सक्ती, हे त्यानंतरचं. कार्गो सायकलच्या इतिहासात हा भाग बहुतेकजण एका ओळीत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खोकं कुणीही बनवू शकतं, पण ज्या रस्त्यावर आईला भीती वाटते तिथे ते अंगणातच उभं राहतं.

मुलांची पहिली खरी खोकेवाली सायकल मात्र डेन्मार्कमध्ये झाली, आणि तीही एका भलत्याच वस्तीत. कोपनहेगनमधल्या रिकाम्या लष्करी बराकी १९७१ साली काही तरुणांनी ताब्यात घेतल्या आणि त्या वस्तीला ख्रिस्तियानिया हे नाव दिलं. वस्तीत मोटारींना बंदी, त्यामुळे सामान, जळण, मुलं, सगळं हातगाडीने किंवा सायकलला जोडलेल्या गाड्याने न्यायचं. तिथल्या लोहारशाळेत लार्स एंगस्ट्रॉम काम करत असे. १९८४ मध्ये त्याने आपली जोडीदार ॲनी हिला वाढदिवसाला एक तीनचाकी करून दिली. पुढे दोन चाकं, मधे लाकडी पेटी, मागे एक चाक. शेजाऱ्यांनी ती पाहिली आणि आम्हालाही हवी म्हणाले. पुढे हे काम वाढत गेलं आणि ख्रिस्तियानिया बाइक बॉर्नहोम बेटावर बनू लागली. पेटीत १०० किलो ओझं चालतं. कोपनहेगनमध्ये दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जवळपास पाव कुटुंबांकडे कार्गो सायकल आहे, असं तिथल्या महापालिकेच्या पाहणीत दिसून आलं.

तीनचाकीत एक खोड आहे. उभी असताना ती दगडासारखी स्थिर असते. सिग्नलला पाय टेकावा लागत नाही, पोरं उड्या मारत चढली तरी हलत नाही. पण वेगात वळलं की साधी सायकल जशी आत झुकते तशी ती झुकत नाही, आणि आतल्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं जाऊ लागतं. नवखा माणूस घाबरतो, सरावलेला वळणाच्या आधी वेग कमी करतो आणि अंग आतल्या बाजूला टाकतो. पेटीतली मुलंही शिकतात, एकाच वेळी सगळी एका अंगाला कलतात आणि त्यांना तो खेळ वाटतो.

म्हणून २००० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये मार्टेन फान आंदेल याने जुन्या लाँग जॉनची लांब दांडीची युक्ती पुन्हा वापरात आणली आणि तिच्यावर मुलांसाठी लाकडी खोकं बसवलं. खोक्यात बाक, बाकाला पट्टे, वर पावसासाठी पारदर्शक तंबू. पण त्याच्या सायकलीत माझ्या मते खरी करामत स्टँडमध्ये आहे. चार पायांचं, खोक्याइतकं रुंद स्टँड, पायाने खाली दाबलं की सायकल टेबलासारखी उभी. मुलं आपली आपण काठावरून आत चढतात, भांडतात, जागा बदलतात, आणि सायकल पडत नाही. दोन हात मोकळे राहिले तरच तिसऱ्याला, म्हणजे बाळाला, उचलता येतं.

असल्या लांब सायकलवर पहिल्या दिवशी सगळ्यांची एकच चूक होते. पुढचं चाक हाताच्या बरंच पुढे, खोक्याच्याही पलीकडे असतं. माणूस त्या चाकाकडे बघतो, ते वळताना दिसतं म्हणून उलटं वळवतो, आणि सायकल नागमोडी जाऊ लागते. नजर रस्त्याच्या टोकाला लावली की ती आपोआप सरळ होते. दहा मिनिटांत जमतं, पण ती दहा मिनिटं खोकं रिकामं नको, दोन गोण्या तरी असाव्यात, आणि मुलं मुळीच नकोत.

दुसरी वाट अमेरिकेतून आली. नव्वदच्या दशकात रॉस इव्हान्स निकाराग्वात ओझं वाहणाऱ्या स्वस्त सायकलींवर काम करत होता. त्यातून १९९८ मध्ये एक्स्ट्रासायकल ही कंपनी निघाली. त्यांनी अख्खी सायकल न विकता नुसती शेपूट विकली: साध्या सायकलला मागे जोडायचा सांगाडा, मागचं चाक आणखी मागे जातं आणि कॅरिअर लांबलचक होतं. त्यावर मोठी मुलं एकामागे एक बसतात. हिला लाँगटेल म्हणतात. डबलसीट आणि ट्रिपलसीट पाहिलेल्यांना त्यात नवं काही वाटणार नाही, फरक एवढाच की इथे पाय ठेवायला फळ्या आणि धरायला कठडा आहे. पण लाँगटेलवर मूल पाठीमागे असतं. ते झोपलं की मान कलंडली हे कळत नाही, बुटाची नाडी सुटली तरी कळत नाही. म्हणून घरात बाळ आणि मोठी मुलं दोन्ही असली की खोकंवाली सायकल जिंकते, आणि बाळ पाच-सहा वर्षांचं झालं की लाँगटेल.

बाळ हाच या सगळ्या गोष्टीतला कठीण भाग. युरोपातलं सायकलच्या बालआसनांचं मानक ९ ते २२ किलोच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आधाराशिवाय नीट बसणाऱ्या मुलासाठी. त्याआधीचं बाळ त्यात बसतच नाही. हेल्मेटचाही उपयोग नाही: ते डोक्यामागे जाड असतं, पाठ टेकलेल्या बाळाचं डोकं पुढे ढकलतं आणि हनुवटी छातीला लागते, नेमकी तीच स्थिती लहान श्वासनलिकेला वाईट. शिवाय खोक्याच्या पुढचं चाक छोटं, त्यामुळे खड्डा जास्त जाणवतो. न्यूयॉर्क राज्याने सरळ लिहून टाकलं आहे की एक वर्षाखालचं मूल सायकलवर न्यायचंच नाही. डच आईबापांनी वेगळा मार्ग काढला. मोटारीत बाळाला ठेवायची जी टोपलीसारखी खुर्ची असते ती त्यांनी खोक्यात बांधली. सुरुवातीला दोऱ्या आणि पट्ट्यांनी, नंतर तिच्यासाठी स्प्रिंग लावलेले लोखंडी स्टँड मिळू लागले. जर्मनीत सायकलमागे जोडायच्या गाड्याच्या आणि खोक्याच्या आत लटकवायची कापडी आसनं आली. त्यांचा आकार पाहिला तर सरळ आपली झोळी आठवते: पाठ गोलसर, मान दोन्ही बाजूंनी धरलेली, धक्का कापडात जिरतो. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची, वाट लांब पडली तरी गुळगुळीत निवडायची, आणि बाळ सगळ्यात शेवटी बसवायचं, सगळ्यात आधी उतरवायचं. मोठ्या भावंडांना शेजारी बसवताना एक सूचना प्रत्येक वेळी द्यावी लागते: बाळाच्या तोंडावर पांघरूण ओढू नका. ती माया करायला जातात आणि नेमकं तेच करतात.

जपानमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. तिथे खोकं नाही, पुढे हँडलपाशी एक आसन आणि मागे एक. आई दोन मुलांना घेऊन बालवाडीला जाते, हे सर्रास होतं आणि बेकायदा होतं. २००८ मध्ये पोलिसांनी तिघांची बंदी नियमपुस्तकात ठळक लिहायचं ठरवलं, तेव्हा आयांनी एकच गिल्ला केला: मग आम्ही जायचं कसं? राष्ट्रीय पोलीस संस्थेने माघार घेतली, कारखान्यांना मजबूत सांगाड्याची, न डगमगणारी सायकल करायला सांगितलं, आणि जुलै २००९ पासून तशा सायकलवर दोन मुलं न्यायला परवानगी मिळाली. पाठीला बांधलेलं तान्हं बाळ मात्र तिथे चालवणाऱ्याचाच भाग धरलं जातं. त्यामुळे एक मूल आसनात आणि बाळ पाठीवर चालतं, पण दोन्ही आसनं भरलेली असतील तर बाळ पाठीवर घेता येत नाही. तिसऱ्या मुलाचं काय, ते नियम सांगत नाही.

विजेच्या मोटरमुळे बाकीचं सोपं झालं. यामाहाने १९९३ मध्ये पेडलला जोर देणारी सायकल बाजारात आणली, बॉशची मोटर २०११ पासून सायकलींवर आली. युरोपात मर्यादा २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर. ४० किलोची रिकामी सायकल, वर तीन मुलं, हे चढावर ओढणं आधी धडधाकट माणसाचंच काम होतं. मोटर आल्यावर ते कुणालाही जमू लागलं, आणि जर्मनीत २०२२ या एका वर्षात दोन लाखांहून जास्त कार्गो सायकली विकल्या गेल्या.

पण ओझं आणि वेग वाढला तसा सांगाडाही कसाला लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये डच ग्राहकसुरक्षा यंत्रणेने बाबू या मोठ्या कंपनीची विक्री थांबवली, कारण सायकलींचे सांगाडे मोडत होते. हजारो कुटुंबांना आपली सायकल वापरू नका असं सांगण्यात आलं. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये ओस गावी रेल्वे फाटकात मुलं वाहणाऱ्या एका विजेच्या गाड्याला अपघात होऊन चार मुलं गेली होती. ती सायकल नव्हती, उभ्याने चालवायचं वेगळंच वाहन होतं, पण अशा वाहनांना परवानगी कशी दिली जाते यावर देशभर वाद झाला.

जर्मनीच्या कायद्यात मात्र एक गमतीची भर आहे. तिथे आधी सायकलवर फक्त सात वर्षांखालचं मूल नेता येत असे, चाकाच्या आऱ्यांत पाय जाणार नाही अशी सोय करून. एप्रिल २०२० पासून, माणसं नेण्यासाठीच बांधलेली सायकल असेल तर कुठल्याही वयाच्या माणसाला बसवता येतं. चालवणारा १६ वर्षांचा हवा. म्हणजे २००४ च्या खोक्यात बाळ म्हणून बसलेला मुलगा त्या वर्षी आईला खोक्यात बसवून कायदेशीरपणे फिरवू शकत होता.