हरवलेला मूळपुरुष आणि स्थलांतराची वाट : पार्श्वभूमी

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनिया किंवा व्हर्जिनियातून पश्चिमेकडे निघालेल्या अमेरिकन घराण्यांचा माग काढताना बहुतेक शोध एकाच टप्प्यावर अडतात. नातू १८५० च्या जनगणनेत केंटकी किंवा इंडियानात सापडतो, त्याच्या जन्मस्थानाच्या रकान्यात ‘व्हर्जिनिया’ एवढा एकच शब्द असतो आणि आजोबांचे नाव कोणत्याच दप्तरात हाती लागत नाही. याला जळालेली दप्तरे कारण आहेतच. पण जनगणनेची रचना हे त्याहून मोठे कारण आहे. १७९० ते १८४० या सहा जनगणनांत नाव लिहिले गेले ते केवळ कुटुंबप्रमुखाचे. बायको, मुले आणि घरात राहणारे वृद्ध आईवडील यांची फक्त वयोगटानुसार संख्या मांडली गेली. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव १८५० पासून मिळते, तर कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते थेट १८८० मध्ये. म्हणजे ज्या साठ वर्षांत ही कुटुंबे सर्वाधिक हलली, त्याच साठ वर्षांत त्यांची नावे सर्वांत कमी नोंदली गेली.

त्यामुळे व्यक्तीऐवजी वाटेचा शोध घ्यावा लागतो. १७३० च्या दशकापासून फिलाडेल्फियाहून लँकेस्टर आणि यॉर्कमार्गे पोटोमॅक ओलांडून शेनांडोआ खोऱ्यात उतरणारा आणि पुढे कॅरोलिनापर्यंत जाणारा ग्रेट वॅगन रोड ही या वाटांतली मुख्य वाट होय. पेनसिल्व्हेनियातील जमीन महागली तशी जर्मन आणि उत्तर आयर्लंडमधील अल्स्टरहून आलेली, मूळची स्कॉटिश अशी स्कॉट-आयरिश कुटुंबे स्वस्त जमिनीसाठी याच खोऱ्यातून दक्षिणेकडे सरकत गेली. १७७५ पासून तिचा एक फाटा कंबरलँड खिंडीतून केंटकीत उतरू लागला. या वाटेने एकटे कुटुंब क्वचितच जाई. भाऊ, मेहुणे, व्याही, एकाच चर्चची मंडळी आणि बांधाला बांध असलेले शेजारी आगेमागे निघत आणि नव्या जागीही एकमेकांच्या आसपासच जमीन घेत. म्हणूनच खरेदीखतातील चतुःसीमा, त्याखालचे साक्षीदार आणि विवाहाच्या जामीनपत्रावर सही करणारा जामीन, जो पुष्कळदा वधूचा बाप किंवा भाऊ असे, यांच्या नावांना मूळपुरुषाच्या नावाइतकेच महत्त्व द्यावे लागते. केंटकीतील चारपैकी तीन शेजारी शेनांडोआतील एकाच ओढ्याकाठचे निघाले, तर चौथ्याचा शोध कोठे सुरू करायचा हे जवळजवळ ठरतेच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांबाबत हे काम पुष्कळ सोपे होते. त्यांच्या स्थानिक मंडळीला ‘सभा’ म्हणत. सदस्य दुसरीकडे निघाला की त्याची मूळ सभा नव्या सभेच्या नावे दाखला देई आणि तो दोन्हीकडे नोंदला जाई.

काही कुटुंबे तर जागची न हलताही हरवलेली दिसतात. १७७४ मध्ये वसलेल्या हॅरोड्सबर्गचा परिसर आधी व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) होता, १७७६ च्या अखेरीस तो केंटकी काउंटीत गेला, १७८० मध्ये लिंकनमध्ये आणि १७८५ च्या कायद्याने मर्सरमध्ये. १७९२ मध्ये केंटकी व्हर्जिनियापासून वेगळे झाले आणि राज्यच बदलले. जुने कागद मात्र सहसा जुन्याच काउंटीच्या कचेरीत राहिले.

सर्वाधिक घोटाळा मात्र ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ या दोन शब्दांनी केला आहे. आज हे शब्द बापलेकांसाठी वापरतात. अठराव्या शतकातील कारकुनाच्या लेखी त्यांचा अर्थ एवढाच होता, की या परिसरात एकाच नावाचे दोघे आहेत आणि त्यांतला हा थोरला, हा धाकटा. ते चुलता-पुतण्या असू शकत, चुलतभाऊ असू शकत, किंवा त्यांचे काही नातेही नसे. शिवाय ही उपाधी कायमची नव्हती. थोरला वारला की कालचा ‘ज्युनियर’ करवसुलीच्या पुढच्या यादीत ‘सीनियर’ होई आणि त्याची जुनी उपाधी आणखी एखाद्या तरुणाला मिळे. स्थलांतराशी या शब्दांचा संबंध येतो तो इथेच. व्हर्जिनियात ‘ज्युनियर’ असलेला माणूस केंटकीत आला आणि तेथे त्या नावाचा दुसरा कोणी नसला, तर त्याची उपाधी गळून पडे. पुढे त्याच नावाचा पुतण्या मागून आला, तर तोच माणूस ‘सीनियर’ ठरे. हे लक्षात न घेता कागद जोडल्यामुळे एका माणसाचे दोन झाले, दोघांचा एक झाला आणि पुतण्याला मुलगा मानून पिढ्याच्या पिढ्या चुकीच्या फांदीवर चढल्या. नात्यांच्या शब्दांचीही अशीच गत आहे. मृत्युपत्रातील ‘सन-इन-लॉ’ हा जावई असेलच असे नाही, कारण सावत्र मुलालाही तोच शब्द वापरत. ‘कझिन’ म्हटलेला पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्गणीदारांच्या पैशांवर निघालेल्या जाडजूड काउंटी-इतिहासांनी या चुका छापल्या आणि छापील म्हणून त्या खऱ्या मानल्या गेल्या. आज ऑनलाइन वंशवृक्षांतून त्याच चुका एका क्लिकसरशी उचलल्या जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते जळालेल्या कचेऱ्यांपेक्षाही या नकला अधिक घातक ठरल्या आहेत.

जळालेल्या कचेऱ्यांची हानीही थोडी नाही. यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून व्हर्जिनियाच्या अनेक काउंट्यांनी आपली दप्तरे रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मधील आगीत नेमकी तीच जळाली. अशा ठिकाणी १८३२ च्या कायद्याखाली क्रांतियुद्धातील वृद्ध सैनिकांनी पेन्शनसाठी दिलेल्या जबान्या अमूल्य ठरतात. जन्म कोठे झाला, भरती होताना वस्ती कोठे होती आणि युद्धानंतर कोठे कोठे राहिलात, हे त्यांना ठरवून विचारले जाई. १९३८ पासून युटामधील एका धर्मसंस्थेने सुरू केलेल्या मायक्रोफिल्मिंगमुळे असे कागद घरबसल्या वाचण्याची वाट मोकळी झाली. अलीकडे डीएनए चाचण्यांची भर पडली असली, तरी पाच-सहा पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाचा अंश वंशजात अजिबात उतरलेला नसणेही शक्य असते.

ही सारी साधने स्वतंत्र माणसांच्या कागदांवर उभी आहेत. १८५० आणि १८६० च्या जनगणनांत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण लिहिला जाई आणि नाव जवळजवळ कधीच नसे. १८०८ मध्ये बाहेरून गुलाम आणण्यास बंदी झाल्यावर देशांतर्गत विक्री वाढली आणि व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा, मिसिसिपीकडे लाखो माणसे मनाविरुद्ध नेली गेली. त्यांच्या वंशजांना पूर्वजांची नावे जनगणनेत बहुधा १८७० मध्येच प्रथम भेटतात. त्यामागे जायचे, तर ज्या घराण्याने त्यांना विकत घेतले त्याचीच वाट धरावी लागते : त्याची खरेदीखते, मृत्युपत्रे आणि वारसांतील वाटण्यांच्या याद्या. त्या याद्यांत गुरांच्या आणि भांड्यांच्या ओळींमध्ये माणसांची पहिली नावे लिहिलेली असतात, आणि नावापुढे रक्कम.