आयएसपीएफ संपादकातील कळरचना

आयबीएमच्या मेनफ्रेमवर (मोठ्या सामायिक संगणकावर) झेड/ओएस या कार्यप्रणालीत कोबॉल प्रोग्राम किंवा जेसीएल, म्हणजे कामे चालवण्याच्या सूचना, लिहिणारा माणूस दिवसभर ज्या पडद्यासमोर असतो, तो बहुधा आयएसपीएफ या साधनसंचाचा संपादक (एडिटर). त्यातील फंक्शन बटणांना आपल्या सवयीचे आदेश नेमून देणे म्हणजे कळरचना. ती दोन ठिकाणी बदलता येते: मेनफ्रेमवर आयएसपीएफमध्ये आणि आपल्या पीसीवरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये. नवशिक्यांचा निम्मा घोळ या दोहोंतला फरक न कळल्याने होतो.

याचे मूळ आहे 1971 साली आलेल्या आयबीएमच्या 3270 टर्मिनलमध्ये, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेल्या पडदा-कीबोर्डात. त्यात टाइप केलेली अक्षरे टर्मिनलच्याच स्मृतीत थांबतात. एन्टर किंवा पीएफ (प्रोग्राम फंक्शन) बटण दाबले, की पडद्यावरचे बदल आणि कोणते बटण दाबले ही खूण एकदम मेनफ्रेमकडे जाते. म्हणून कंट्रोल-एस वगैरे आयएसपीएफला दिसतच नाही. त्याला ओळखीची पीएफ बटणे फार तर 24. आजच्या कीबोर्डवर पीएफ13 ते पीएफ24 बहुतेक इम्युलेटरांत शिफ्ट धरून एफ1 ते एफ12 दाबल्यावर मिळतात.

सुरुवातीची मांडणी ठरलेली असते: एफ3 एंड, एफ5 आरफाइंड (मागचाच शोध पुढे), एफ7 वर, एफ8 खाली, एफ2ने पडदा दुभंगायचा, एफ9ने पलीकडच्या भागात जायचे. कमांड लाइनवर कीज असा आदेश दिला की नेमणुकांचा तक्ता उघडतो. पहिल्या बारांना सहसा हात लावू नये. शेजाऱ्याच्या लॉगिनवर काही बघायला बसलात, की बोटे सवयीने तीच बटणे शोधतात. एफ3च्या शेजारी कॅन्सल नेमणे तर धाडसच, कारण कॅन्सल बदल न साठवता बाहेर काढतो. पुढची बारा मुळात पहिल्यांचीच नक्कल असतात, प्रयोग तिथे करावेत.

कमांड लाइनवर लिहिलेला मजकूर बटणाच्या आदेशाला मागून जोडला जातो, ही यातली खरी गंमत. एम लिहून एफ8 दाबले, तर थेट फाइलच्या तळाशी. 15 लिहून दाबले, तर 15 ओळी खाली. पीएफ17ला नुसते फाइंड नेमले, तर शब्द लिहून तेच बटण दाबले की शोध सुरू. नेमणुकीच्या आधी कोलन (:) दिले, तर पुढचे अक्षर ओळ-आदेश म्हणून कर्सर असलेल्या ओळीला लागते. कोलन आणि आर नेमलेले बटण दाबले, की ती ओळ खाली पुन्हा उमटते. ओळ-आदेश एरवी जिथे लिहितात, त्या डाव्या कडेच्या सहा अंकांवर कर्सर न्यावा लागत नाही.

एवढे करूनही बटण जुनेच वागते, अशी तक्रार नेहमीची. बहुतेकदा कीलिस्ट, म्हणजे त्या पॅनेलची (पडद्याची) स्वतःची बटणांची यादी, चालू असते आणि ती वरचढ ठरते. कीलिस्ट ऑफ दिल्यावर आपली नेमणूक लागू होते. शिवाय नेमणुका वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये, प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी वेगळ्या साठतात. म्हणून संपादकात बदललेले बटण दुसऱ्या टूलमध्ये जसेच्या तसे मिळत नाही.

एन्टर मात्र इम्युलेटरचा प्रांत. जुन्या टर्मिनलांच्या धर्तीवर काही इम्युलेटरांत एन्टर उजव्या कंट्रोलवर असतो आणि मोठे बटण फक्त पुढच्या ओळीवर नेते. पीसीच्या सवयीचे लोक पहिल्याच दिवशी हे उलटे करून घेतात. त्यासोबत रीसेट सोयीच्या जागी आणावा, कारण संरक्षित जागी टाइप केले की कीबोर्ड अडकतो आणि रीसेटशिवाय सुटत नाही.

इन्सर्ट दाबून ओळीत अक्षर घुसवताना कीबोर्ड अडकला, तर मात्र दोष बटणांचा नसतो. ओळीच्या शेवटी रिकाम्या जागांची अक्षरे भरलेली असतात, नवे अक्षर सरकवायला जागाच उरत नाही. नल्स ऑन हा आदेश दिला, की त्या जागा खऱ्या अर्थाने मोकळ्या होतात.