‘सेमी आहे का?’ या प्रश्नामागचा इतिहास

गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून, म्हणजे सेमी-इंग्रजी. आज तालुक्याच्या गावातही मुलाचं नाव घालायला आलेले पालक आधी विचारतात, ‘सेमी आहे का?’ या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांची ओढाताण आहे.

1840च्या दशकात मुंबईतल्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरत होते. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. याच नानांनी इंग्रजी शिक्षणालाही हातभार लावला होता. त्यांना इंग्रजीचं वावडं नव्हतं. 1854च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे भारतातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या इंग्रजांच्या पत्राने, उच्च शिक्षणाला इंग्रजी आणि सर्वसामान्यांना देशी भाषा अशी वाटणी केली. इंग्रजी आली की नोकरी, हे गणित लोकांच्या मनात पक्कं होत गेलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी विषयाची सुरुवात पार आठवीपर्यंत मागे गेली. 6 जानेवारी 1954च्या आदेशाने तर अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतरांच्या मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत प्रवेशच बंद केला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलमध्ये या आदेशामुळे प्रवेश नाकारले गेले, प्रकरण कोर्टात गेलं. आधी उच्च न्यायालयाने आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला. स्वभाषेच्या भल्यासाठी काढलेल्या अशा आदेशांनी स्वभाषेचंच नुकसान केलं, असं मला ठामपणे वाटतं. मातृभाषेतलं शिक्षण म्हणजे सक्ती आणि इंग्रजी म्हणजे आपल्यापासून राखून ठेवलेली चीज, ही भावना त्यातून बळावली.

म्हणूनच 2000 साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हा अनेक भाषाप्रेमी हळहळले, पण असंख्य पालकांना ती न्यायाची गोष्ट वाटली. दोघांचंही खरं होतं. पुढे सेमीचे वर्ग वाढले, शिक्षकांची तयारी मात्र त्या वेगाने झाली नाही. बाई फळ्यावर ‘डिनॉमिनेटर’ लिहितात आणि लगेच तोंडाने ‘छेद’ म्हणतात. मुलांना कळतं ते त्या ‘छेद’मुळे. हे कसब बाईंनी स्वतःच कमावलेलं असतं.

2022-23पासून पहिलीच्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या हाती मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तकं आली. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या सरकारी आदेशांवरून राज्य पेटलं आणि 29 जूनला सरकारने ते आदेश मागे घेतले. त्या साऱ्या वादात पहिलीतल्या इंग्रजीला फारसं कुणी हात लावला नाही.