उत्तरेची भिंत आधी काळी का पडते?

कोकणात माडा-फणसांच्या सावलीतलं घर दिवाळीला रंगवावं आणि दुसरा पावसाळा सरताना मागची भिंत काळी पडलेली दिसावी, हे नेहमीचंच. घरमालक डब्याला नावं ठेवतो, रंगारी भिंतीला. मी दोघांना एकच विचारेन: सर थांबल्यावर ती भिंत सुकायला किती वेळ घेते?

कारण तो काळा थर धुळीचा नसतो, तो जिवंत असतो. त्यात शेवाळ असतं, बुरशी असते, पण काळेपणा बराचसा सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे नीलहरित जिवाणूंचा. उन्हापासून वाचायला ते अंगाभोवतीच्या आवरणात गडद रंगद्रव्य साठवतात. उन्हाळ्यात वाळून त्यांची खपली होते, मेले असंच वाटतं. पाणी लागलं की पुन्हा कामाला लागतात. माडाच्या खोडावरचा भगवा-तांबूस थर बहुधा ट्रेन्टेपोहलियाचा. वर्गीकरणानं हे हिरवं शेवाळ, पण गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटिनमुळे त्याचा हिरवा रंग झाकला जातो.

आता उत्तरेची भिंत. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच, आणि त्यातले बहुतेक दिवस ढगांचे. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं तेव्हा सूर्य दक्षिणेला गेलेला असतो. त्यावर फणसाची सावली पडली, की ओल हटायची कशी?

जुनी माणसं दरवर्षी भिंतीला चुन्याचा हात द्यायची. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२ च्या वर, म्हणजे तो फारच अल्कधर्मी असतो. तिथे शेवाळाला तग धरता येत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचं हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि तो जोर ओसरतो. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा हात द्यायचा. शिवाय चुन्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते. ओल्या चिऱ्यावर ऑइलपेंट चढवला तर ती वाट बुजते, मग फुगे येतात, पोपडे निघतात.

शेवाळरोधक रंगाची गंमत अशी, की त्यातलं औषध पाण्यात थोडं विरघळलं तरच शेवाळापर्यंत पोचतं. म्हणजे ज्या पावसापासून भिंत वाचवायची, तोच ते औषध थोडं थोडं धुऊन नेतो. निरुपयोगी नाही, पण एकट्यावर भिस्त नको. आधी फांद्या छाटा, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असं बघा, काळा थर खरवडून, ब्लीचच्या पातळ द्रावणानं मारून, धुऊन काढा. थर तसाच ठेवून त्यावर रंगाचा नवा हात फिरवणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग भिंतीवर हातभर प्लॅस्टिक चारी कडांनी घट्ट चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर रंगाऱ्याला डिसेंबरात बोलवा. दिवाळी जुन्या रंगात गेली तरी चालेल.