स्थानिक संसाधन वापर : चंद्र व मंगळ

चंद्रावर किंवा मंगळावर लागणारे पाणी, ऑक्सिजन, इंधन आणि बांधकामाचा माल पृथ्वीवरून न नेता तिथल्याच बर्फातून, मातीतून किंवा हवेतून काढण्याच्या तंत्राला स्थानिक संसाधन वापर म्हणतात. यात सर्वांत मोठी गरज ऑक्सिजनची असते, आणि तीही श्वासासाठी कमी, रॉकेटसाठी जास्त. मंगळावरून चार जणांना परत उडवायला सुमारे ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन लागेल, असा नासाचा हिशेब आहे. माणशी रोज ८४० ग्रॅम धरले तर त्याच चौघांना वर्षभर श्वासाला सव्वा टन पुरतो. हे ओझे पृथ्वीवरून नेणे किती महाग पडते ते अपोलो चांद्रमोहिमांच्या आकड्यांत दिसते : सॅटर्न-५ रॉकेटचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे २,९०० टन होते आणि त्यातले चंद्राच्या वाटेला लागले ते ४५ टनांच्या आसपास.

चंद्रावरचे पाणी : २००८ मध्ये निघालेल्या चंद्रयान-१ वरील नासाच्या एम-थ्री उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाणी व हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) यांच्या खुणा टिपल्या. ९ ऑक्टोबर २००९ रोजी नासाच्या एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात आदळवण्यात आला. उडालेल्या धुरळ्यावरून तिथल्या मातीत वजनाने ५.६ टक्के पाणी असल्याचा अंदाज निघाला, मात्र त्यात २.९ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. म्हणजे खाण फायद्याची की तोट्याची, हे या एका आकड्यावर ठरवता येत नाही. शिवाय धुरळ्यात हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया आणि पारा यांचेही अंश होते. हे वेगळे न काढता पाणी पुढे सोडले तर पाणी विजेने फोडणाऱ्या अपघटन यंत्रातील उत्प्रेरक निकामी होतात.

प्रक्रिया ऐकायला सोपी आहे. माती खणायची, बंद भांड्यात तापवायची, निघालेली वाफ थंड पत्र्यावर गोठवायची, मग ते पाणी शुद्ध करून विद्युत अपघटनाने फोडायचे. ९ किलो पाण्यातून १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो ऑक्सिजन मिळतो. रॉकेटचे इंजिन १ किलो हायड्रोजनमागे साधारण ६ किलो ऑक्सिजन जाळते, त्यामुळे २ किलो ऑक्सिजन श्वासासाठी उरतो. रसायनशास्त्राची अडचण इथे फारशी नाहीच; अडते ते वीज, खोदाई आणि धूळ यांपाशी.

विजेचा हिशेब असा. १ किलो हायड्रोजनमागे व्यवहारात ५० ते ५५ युनिट वीज जाते. दहा टन पाण्यातून सुमारे १.१ टन हायड्रोजन निघतो, म्हणजे साठ हजार युनिट. हे काम महिनाभरात उरकायचे तर अखंड ८५ किलोवॅट हवेत. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या मूळ सौरपंखांची क्षमताच ८४ ते १२० किलोवॅट होती. खोदाई, तापवणे आणि वायू द्रवरूप करणे यांची वीज यात धरलेलीच नाही. ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर, हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो, आणि हायड्रोजन तर साठवतानाही उडत राहतो. त्यात पंचाईत अशी की बर्फ टिकतो तिथे ऊन कधीच पडत नाही आणि ऊन असते तिथे बर्फ टिकत नाही. दक्षिण ध्रुवावरचे शॅकल्टन विवर सुमारे २१ किलोमीटर रुंद आणि ४ किलोमीटर खोल आहे. त्याच्या काठावरच्या काही जागी वर्षाचा बहुतेक काळ ऊन असते, तळाशी कायमचा काळोख. वीज काठावरून तळापर्यंत न्यायची तर लांब केबल, नाहीतर तळाशीच छोटी अणुभट्टी.

पाच टक्के पाण्याच्या मातीतून निम्मेच पाणी हाती लागले असे धरले, तर दहा टनांसाठी ४०० टन माती उपसावी लागते : पृथ्वीवरचे पंचवीसेक डंपर. चंद्रावर वजन सहाव्या हिश्श्याने भरत असल्याने खोदयंत्राचे दात मातीत रुतण्याऐवजी यंत्रच उचलले जाते. यावर नासाच्या रॅसर यंत्रात दोन टोकांना उलट दिशांनी फिरणारे ड्रम बसवले आहेत, म्हणजे एकाचा रेटा दुसरा खोडतो. तापवणेही सोपे नाही. चंद्रयान-३ च्या तापमापक सळीने पृष्ठभागावर सुमारे ५० अंश नोंदवले, तर केवळ ८ सेंटीमीटर खाली उणे १० अंश. इतकी ही माती उष्णतारोधक आहे. वरून आच दिली तर आतला बर्फ गारच राहतो, म्हणून भांड्यात माती सतत ढवळावी लागते. धूळ काचेसारखी धारदार आणि विद्युतभारित असते. अपोलोच्या नमुना-पेट्यांची सीलेसुद्धा तिच्यामुळे नीट बसली नव्हती. रोज शेकडो वेळा उघडमीट करणाऱ्या झाकणाचे काय होईल ते यावरून ताडावे.

मार्च २०२५ मध्ये अथीना हे खासगी यान मीटरभर खोल जाणारे नासाचे ट्रायडेंट ड्रिल घेऊन दक्षिण ध्रुवाकडे उतरले, पण एका खळग्यात आडवे पडले. ड्रिल हलवून पाहता आले, जमिनीत घालता आले नाही.

मातीतला ऑक्सिजन : बर्फ नसलेल्या भागातही चांद्र मातीच्या वजनात ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असतो, पण तो खनिजांत घट्ट बांधलेला. इल्मेनाइट (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडते तेच) ९०० ते १,००० अंशांवर हायड्रोजनसोबत तापवले की लोह, टायटॅनियम डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ मिळते. हायड्रोजन परत वापरता येतो. मात्र शुद्ध इल्मेनाइटमधूनही वजनाच्या साडेदहा टक्केच ऑक्सिजन सुटतो. तापमान वाढवून घाई केली तर कण एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि वायू आत शिरत नाही.

मंगळ : इथे कच्चा माल हवेतच आहे, ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पर्सिव्हिअरन्स बग्गीवरील मॉक्सी यंत्राने एप्रिल २०२१ ते ऑगस्ट २०२३ या काळात १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन बनवला. एका माणसाला साडेतीन तास पुरेल इतका. सर्वाधिक वेग होता तासाला १२ ग्रॅम. हवा गाळायची, दाबायची, ८०० अंशांवरच्या सिरॅमिक घटांतून (अपघटनाच्या कप्प्यांतून) न्यायची आणि विजेने कार्बन डायऑक्साइड फोडून ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइड वेगळे करायचे, असा क्रम. विद्युतदाब जास्त झाला तर कार्बन मोनॉक्साइडही फुटून काजळी धरते. उलट घटात निव्वळ कार्बन डायऑक्साइड सोडला तर ऋणाग्राचे (कॅथोडचे) निकेल गंजते. म्हणून बाहेर पडणाऱ्या मोनॉक्साइडचा काही भाग परत आत वळवतात. या दोन चुकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात यंत्र चालवता आले, हे मॉक्सीचे मोठे यश.

वसाहत व मालकी : चंद्राच्या ध्रुवीय विवरांच्या काठावरच्या उन्हाच्या जागा मोजक्याच आहेत. तिथे सौरपट्ट्या उभारणाऱ्याच्या हाती खालचा बर्फही आपसूक येतो आणि वस्तीतल्या प्रत्येकाची हवा त्याच्या यंत्रावर अवलंबून राहते. पृथ्वीवर पाण्यावरून जे राजकारण होते ते इथे श्वासावरून होण्याचा संभव आहे. १९६७ चा बाह्य अवकाश करार कोणत्याही राष्ट्राला चंद्राच्या भूमीवर हक्क सांगू देत नाही. उपसलेल्या बर्फाबद्दल तो स्पष्ट बोलत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये अशा मालाची मालकी कायद्याने मान्य केली. चंद्राची संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानणाऱ्या १९७९ च्या चंद्र करारावर भारताची सही आहे, पण अनुसमर्थन (करार बंधनकारक करणारी अंतिम मंजुरी) नाही. आणि संसाधने उपसणे म्हणजे भूमी बळकावणे नव्हे असे मानणाऱ्या आर्टेमिस करारांवरही जून २०२३ पासून भारताची सही आहे.