पुरानंतर धीर देणं आणि उपचार करणं: दोन्ही एकच नव्हे

2019 च्या ऑगस्टमधला पूर आपल्याकडं, कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागात, कुणी विसरणार नाही, कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदमच चढल्या, आणि जरा सावरतोय तोवर 2021 च्या जुलैत परत तेच. आमच्या गावातली माणसं शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत होती. तिथं एक दिवस टीम आली, बायकांना गोल करून बसवलं, बोलले, धीर दिला, सह्या घेतल्या आणि गेले. माणसं चांगली होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पुढं कुणीही विचारलं की मानसिक उपचार मिळाले का, तर उत्तर ठरलेलं, हो, समुपदेशन झालं की. सगळा घोळ इथंच आहे.

त्या दिवशी जे झालं त्याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्ये त्याची सोपी पद्धत मांडली, बघा, ऐका, आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या. आशाताई, शाळेतले गुरुजी, शेजारची वहिनी, थोडं शिकवलं तर कुणीही करू शकतं. समोरच्याला खोदून खोदून "काय काय वाहून गेलं सांगा" असं विचारायचं नसतं. पुरानंतर झोप उडणं, पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधडणं हे बहुतेकांना होतं आणि काही आठवड्यांत आपोआप कमी होतं, त्याला आजार म्हणायचं कारण नाही.

उपचार म्हणजे डॉक्टर, तपासणी, गोळ्या आणि परत बोलावणं. जो जीव द्यायची भाषा करतोय, ज्याला नसलेले आवाज ऐकू येताहेत, महिना उलटला तरी ज्याला पाणी डोळ्यासमोरून हलत नाही आणि कामाला हात लागत नाही, त्याला नुसता धीर देऊन भागत नाही. ज्यांच्या चालू गोळ्याच पुरात गेल्या त्यांचं तर कुणी मोजतच नाही, फिटच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या एकदम तुटल्या की दुखणं परत उसळतं. आणि एक गोष्ट मी डोळ्यानं बघितलीय. केंद्रात नात्यातलेच एक मामा तिसऱ्या दिवशी थरथरायला लागले, घाम, भिंतीवर साप दिसतोय म्हणून ओरडायला लागले, सगळे म्हणाले पुराचा धक्का बसलाय, कुणीतरी अंगारा पण लावला. खरं म्हणजे रोजची दारू अचानक बंद झाली होती. यात माणूस दगावू शकतो, ताबडतोब दवाखाना लागतो, आणि रस्त्यावर कमरेइतकं पाणी. शेवटी ट्रॅक्टरवर घालून नेलं, वाचले.

आता फरक कुठं पडतो बघा. धीर द्यायला टीम गावात येते, उपचाराला मात्र गावानं जायचं. निपाणी-चिकोडीकडून बेळगाव सत्तरेक किलोमीटर, मनाच्या आजारांची मोठी सरकारी संस्था तर त्याच्याही पुढं धारवाडला. निपाणीला कोल्हापूर जवळ, म्हणून ज्याच्याकडं गाडी आणि पैसा तो तिकडं खाजगीत दाखवतो, तंबाखूच्या वखारीत रोजावर जाणारी बाई नाही जाऊ शकत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर पावसात एसटीचाच भरवसा नसतो.

त्यात भाषा. डॉक्टरांना कन्नड येतं, घरातल्या म्हाताऱ्या बाईला मराठीच, मग मधे मुलगा बसून सांगतो. "जीव नकोसा झालाय" हे ती मुलाच्या तोंडून कसं सांगणार? सांगतच नाही, म्हणते झोप येत नाही एवढंच, आणि झोपेची गोळी घेऊन परत येते. सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या जतच्या कन्नड बोलणाऱ्या माणसांचं पण हेच दुखणं असणार, हा भांडणाचा विषय नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी उपचार हा हक्क केलाय, भेदभाव न करता. टेलिमानस 14416 ही फोनवरून मानसिक मदत देणारी सरकारी फुकट लाईन 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, म्हणजे दोन्ही पुरांत ती नव्हतीच. आता आहे, मराठी निवडता येतं, जरूर वापरा. पण फोन चार्ज नसेल, रेंज नसेल, किंवा खोलीत चाळीस माणसं ऐकत असतील तर काय बोलणार, आणि गोळी शेवटी हातातच यावी लागते.

त्यामुळं पुढच्या वेळी टीम आली की सहीच्या आधी विचारायचं, यातल्या कुणाकुणाला डॉक्टरकडं पाठवताय, कधी, आणि गाडी कोण देणार. परत कधी येणार ती तारीख पण लिहून घ्या, कारण पाणी ओसरल्यावर, भरपाई अडकून सोसायटीचे हप्ते सुरू झाले की मग खरी माणसं खचतात आणि तेव्हा केंद्र बंद झालेलं असतं. आणि घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर मे महिन्यातच चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा.