विंडोज सर्व्हर ॲक्टिव्हेट होत नाही? आधी हे तपासा, मग कागद काढा

सर्व्हरवर ‘ॲक्टिव्हेट करा’ असा संदेश दिसला की पहिला संशय कीवर, म्हणजे परवान्याच्या सांकेतिक क्रमांकावर, येतो. मग तीच की पुन्हा टाकली जाते, नंतर दुसरी, आणि शेवटी कुणाच्या तरी जुन्या मेलमध्ये सापडलेली तिसरी. एवढ्या खटाटोपात मूळ बिघाड बाजूला राहतो आणि नवेच दोन तयार होतात. म्हणून की टाकण्यापूर्वी हे मशीन कोणत्या पद्धतीने ॲक्टिव्हेट व्हायला हवे, ते बघून घ्या.

पात्रतेचा मुद्दा सोपा आहे. संस्थेच्या नावावर मायक्रोसॉफ्टचा व्हॉल्यूम लायसन्स करार (अनेक मशीनसाठी एकत्र परवाने देणारा) हवा आणि त्यात त्या आवृत्तीचा सर्व्हर बसायला हवा. की आता मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिन सेंटरमध्ये मिळतात, पण करारावर अधिकार दिलेल्या खात्यालाच त्या दिसतात. अनेकदा तो अधिकार नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर असतो. हे आधीच तपासा, ऐन वेळी फार डोकेदुखी होते.

सर्व्हर मूल्यमापन प्रतीवर, म्हणजे १८० दिवसांच्या इव्हॅल्युएशनवर, बसवलेला असेल तर व्हॉल्यूम की तशीच टाकून भागत नाही. शेवटी एफ०६९ असलेला कोड येतो. आधी डीआयएसएम या विंडोजच्या कमांड साधनाच्या सेट-एडिशन पर्यायाने प्रत बदलावी लागते. तो सर्व्हर डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कमधली लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, असेल तर तेही चालत नाही. दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करून याची ती भूमिका काढा, मगच रूपांतर करा.

आता पद्धत. कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडा, नाहीतर पुढच्या कमांडना परवानगी नाकारल्याचा कोड मिळेल. एसएलएमजीआर डॉट व्हीबीएस ही विंडोजचा परवाना हाताळणारी स्क्रिप्ट डीएलव्ही हा स्विच लावून चालवा; पुढचे सगळे स्विच याच स्क्रिप्टचे आहेत. उघडलेल्या खिडकीत चॅनल वाचा: केएमएस-क्लायंट, एमएके, की नुसतेच केएमएस. केएमएस म्हणजे संस्थेतलेच एक मशीन (होस्ट) बाकीच्या मशीनना (क्लायंट) ॲक्टिव्हेट करते ती पद्धत; एमएके म्हणजे थेट मायक्रोसॉफ्टकडून ॲक्टिव्हेट होणारी, ठरावीक वेळाच चालणारी की.

सर्वसाधारण सर्व्हरवर ‘नुसते केएमएस’ दिसले तर चोर सापडला असे समजा. कुणीतरी होस्टची की सगळ्या मशीनवर टाकली आहे. केएमएसमध्ये खरी की फक्त होस्टवर असते. बाकी सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे छापलेली सामान्य की बसते. ती गुपित नाही आणि तिच्यामुळे परवानाही मिळत नाही, ती फक्त ‘होस्टला विचार’ एवढेच सांगते. होस्टची की साधारणपणे ६ मशीनवर, प्रत्येकी १० वेळा चालते. ती वाटत सुटलात तर मर्यादा संपते, वर प्रत्येक मशीन स्वतःला होस्ट समजून डीएनएसमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या नाव-पत्त्यांच्या यादीत, नोंद टाकू लागते. दुरुस्ती अशी: आयपीके स्विचने सामान्य की टाका, एटीओने ॲक्टिव्हेट करा आणि डीएनएसमधल्या व्हीएलएमसीएस नावाच्या खोट्या नोंदी हाताने पुसा. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते आणि क्लायंट त्या मेलेल्या पत्त्यावर जात राहतात.

चॅनल बरोबर असेल तर कोडचा शेवट बघा. एफ०७४ म्हणजे होस्टशी संपर्क झाला नाही. टीसीपी पोर्ट १६८८ उघडा आहे का पाहा. क्लायंटच्या इव्हेंट लॉगमध्ये १२२८८ दिसतो आणि होस्टवर १२२९० दिसत नाही, तर विनंती वाटेतच अडली आहे. २३२बी म्हणजे डीएनएसमध्ये होस्टची नोंदच सापडली नाही. एसकेएमएस स्विचने होस्टचे नाव थेट देऊन एकदा चाचणी घ्या. एफ०६सी आला तर दोन्हीकडची घड्याळे जुळवा, ४ तासांपेक्षा जास्त फरक चालत नाही. एफ०४२ आला तर होस्टची की त्या आवृत्तीला पुरेशी आहे का ते पाहा. नवा सर्व्हर आणि जुना होस्ट ही जोडी इथेच अडते.

एफ०३८ जरा खास आहे. होस्टने किमान ५ मशीन मोजल्याशिवाय तो सर्व्हरना ॲक्टिव्हेट करत नाही, डेस्कटॉप-लॅपटॉपवरच्या विंडोजसाठी हा आकडा २५ आहे. ‘आमच्याकडे तर बारा सर्व्हर आहेत’ असे म्हणाल, पण ते एकाच प्रतीवरून सिसप्रेप (प्रतीतली मशीनची ओळख पुसणारे साधन) न चालवता काढले असतील तर सगळ्यांची क्लायंट ओळख एकच असते आणि बारांची मोजणी एकच होते. अशा मशीनवर रीआर्म स्विच चालवून ॲक्टिव्हेशनची स्थिती नव्याने घ्या आणि मशीन पुन्हा सुरू करा. मशीन खरोखरच ५ पेक्षा कमी असतील तर केएमएसच्या मागे लागू नका, एमएके घ्या किंवा डोमेन असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर (डोमेनमधल्या खाती आणि मशीनच्या नोंदवहीवर) आधारित ॲक्टिव्हेशन वापरा. त्याला किमान संख्येची अट नाही.

कागदपत्रे लागतात ती बहुधा एमएकेसाठी. या कीची मोजणी ठरलेली असते. सर्व्हर फॉरमॅट केला म्हणून वापरलेली मोजणी परत मिळत नाही. सी०२० आला म्हणजे ती संपली. मग मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हेशन केंद्राशी संपर्क करण्यापूर्वी हे समोर ठेवा: करार किंवा लायसन्स क्रमांक, करारावर आहे तसेच संस्थेचे नाव, उत्पादन आणि आवृत्ती, कीची शेवटची ५ अक्षरे, आणखी किती ॲक्टिव्हेशन हवीत आणि का. पूर्ण की मेलमध्ये पाठवू नका, शेवटची ५ अक्षरे ओळखीला पुरतात.

इंटरनेट नसलेल्या सर्व्हरला डीटीआय स्विचने इन्स्टॉलेशन आयडी काढा, तो मायक्रोसॉफ्टला द्या आणि मिळालेला कन्फर्मेशन आयडी एटीपीने टाका. हा आयडी जपून ठेवा. त्याच हार्डवेअरवर पुन्हा मांडणी केली तर व्हीएएमटी हे मायक्रोसॉफ्टचे ॲक्टिव्हेशन सांभाळणारे साधन तो परत वापरू शकते आणि मोजणी वाचते.

‘काल चालू होता, आज संदेश आला’ असे केएमएस क्लायंटबाबत असेल तर कारण कालचे नसते. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि मशीन दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करते. म्हणजे कित्येक महिने प्रयत्न फसत होते आणि लॉग कुणी उघडला नव्हता. सहा महिन्यांपूर्वी फायरवॉल कुणी बदलली किंवा जुना होस्ट कुणी बंद केला, तिथून शोध सुरू करा.